हुंकार

माझ्या थोरल्या बहिणीची नात अकरा महिन्यांची आहे. नाव परी. आमच्या दारव्हा तालुक्यात सध्या दर चौथ्या घरी एक परी आहे, त्यामुळे नाव लिहायला हरकत नाही. दिवाळीच्या सुट्टीत गावी पोचलो तेव्हा सकाळचे आठ वाजले असतील. अंगणात बाज, बाजेवर गोधडी, गोधडीवर परी, आणि खाली बाजेच्या पायाला टेकून बाई सुपात तुरीची डाळ निवडत बसलेली. थोरल्या बहिणीला आम्ही बाईच म्हणतो.

"अब्बाबा," परी म्हणाली.

"हाव?" बाई म्हणाली. नजर सुपातच.

"बाबा. ढ्या."

"मंग? मंग काय झालं?"

परीने हात वर केला. बोट नाही, अख्खा पंजा. लिंबाच्या फांदीवर कावळा बसला होता. आता कुठे बाईने मान वर केली. आधी परीच्या तोंडाकडे पाहिलं, मग ती पाहत होती तिकडे. "हाव माय, कावळा आला. त्याले म्हना, भाकर नाई झाली अजून. मंग ये म्हना."

"ढ्या!"

"सांगतलं का? बरं झालं."

असं पंधरा मिनिटं तरी चाललं. बाईचे हात एकदाही थांबले नाहीत, खडे निघत होते, डाळ पुढे सरकत होती. मी चहा पीत ऐकत होतो. बऱ्याच वेळाने लक्षात आलं की बाई परीचं बोलणं तोडत नाही. परीचं झालं की ही बोलते, आणि आपलं झालं की गप्प बसून वाट पाहते. तीन-चार सेकंद काहीच नाही. मग परीकडून काहीतरी येतं. परीला अजून धड एक शब्द येत नाही, पण आपली पाळी कधी येते ते तिला पक्कं कळतं.

आमच्याकडे रात्री गोष्ट सांगताना ऐकणाऱ्याने हुंकार द्यायचा असतो. एक होता राजा. हुं. त्याला दोन राण्या. हुं. हुंकार थांबला की सांगणारा थांबतो. हुंकार देणाऱ्याला सगळी गोष्ट कळलीच पाहिजे असं नाही, त्याने जागं असलं पाहिजे एवढीच अट. त्या सकाळी अंगणात सांगणारी परी होती आणि हुंकार देणारी बाई.

यासाठी इंग्रजीत टेनिसमधले शब्द वापरतात, सर्व्ह आणि रिटर्न. हार्वर्ड विद्यापीठातल्या बालविकास केंद्राने ते रूढ केले. लेकरू आवाज काढतं, बघतं, हात दाखवतं, मोठं माणूस त्याला धरून उत्तर देतं, आणि अशा हजारो देवाणघेवाणींतून मेंदूतल्या जोडण्या पक्क्या होत जातात. मला टेनिस कळत नाही, हुंकार कळतो. शिवाय टेनिसमध्ये समोरच्याला चेंडू परतवता येऊ नये असाच मारतात. या खेळात समोरच्याला तो परतवता आलाच पाहिजे, नाहीतर खेळ संपला.

मी हे सगळं आत्ता शहाण्यासारखं लिहितो आहे, पण माझा धाकटा मुलगा अडीच वर्षांचा होईपर्यंत यातलं काहीच माझ्या डोक्यात नव्हतं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. बायको पतसंस्थेत. नानूला सांभाळायला दिवसा एक मावशी यायच्या. संध्याकाळी आम्ही दोघं थकून घरी, आणि नानूच्या हातात मोबाईल. मोबाईल असला की तो चार घास जास्त खायचा. पाहुण्यांना आम्ही कौतुकाने सांगायचो, बघा, स्वतःच यूट्यूब लावतो.

अडीच वर्षांचा झाला तरी त्याला दहा-बारा शब्दच येत होते. पाण्यासाठी तो माझं बोट धरून माठाशी नेऊन उभं करायचा. नातेवाईक म्हणाले, मुलगे उशिराच बोलतात, याचा काकाही चार वर्षांचा झाल्यावर बोलला. आम्हाला ते ऐकायला बरं वाटायचं. शेवटी यवतमाळला नेलं. आधी कान तपासले. हे सांगितलंच पाहिजे, कारण बोलायला उशीर व्हायची कारणं अनेक असतात आणि ऐकू न येणं हे त्यातलं पहिलं तपासायचं. दरवेळी दोष मोबाईलचा किंवा आईचा नसतो. नानूचे कान ठीक निघाले. तिथल्या वाचा-उपचार करणाऱ्या मॅडमनी सगळे कागद बाजूला ठेवले आणि विचारलं, "दिवसभरात याच्याशी कोण बोलतं?"

मी म्हणालो, सगळेच बोलतात की.

त्या रात्री मी माझेच शब्द मोजले. घरी आल्यापासून नानू झोपेपर्यंत मी त्याच्याशी काय काय बोललो, ते वहीत लिहिलं. खा. नको. सोड. चल. गप. झोप. आणखी दोन-चार होते, पण सगळे याच जातीचे. दिवसभर वर्गात चाळीस मुलांसमोर घसा कोरडा होईपर्यंत बोलणारा माणूस घरी येऊन पोराशी हवालदारासारखा बोलत होता. त्यात प्रश्न एकही नव्हता. 'मंग?' तर नव्हताच.

शब्द मोजणारा मी पहिला नव्हे. 1995 साली अमेरिकेत दोन संशोधकांनी 42 कुटुंबांत जाऊन, लेकरांच्या कानांवर किती शब्द पडतात ते मोजून पुस्तक काढलं. गरीब घरांतल्या मुलांना तीन कोटी शब्द कमी ऐकायला मिळतात, असा त्यांचा हिशोब. तो फार गाजला आणि पुढे त्यावर वादही तितकेच झाले. कुटुंबं थोडी होती, आणि घरातल्या इतर माणसांचं आपापसातलं बोलणं त्यात धरलंच नव्हतं. तसल्या हिशोबात आमचं गाव नापासच होईल. मला पुढचं एक काम जास्त पटतं. 2018 साली बोस्टनच्या परिसरात चार ते सहा वर्षांच्या मुलांच्या घरचं बोलणं दिवसभर रेकॉर्ड करून, नंतर ती मुलं गोष्ट ऐकत असताना त्यांचा मेंदू पाहिला. मेंदूतल्या भाषेच्या भागाचं काम मुलाने ऐकलेल्या एकूण शब्दांपेक्षा, मूल आणि मोठं माणूस यांच्यात बोलणं किती वेळा आलटून पालटून झालं, त्याच्याशी जास्त जुळत होतं. म्हणजे दोन तासांच्या कीर्तनापेक्षा हाव-मंगचं मोल मोठं.

आणि मोबाईल? त्यातली बाई तर नानूशी दिवसभर गोड बोलायची. सफरचंद दाखवायची, गाय दाखवायची. याचं उत्तर मला सिएटलच्या एका प्रयोगात सापडलं. पॅट्रिशिया कूल यांच्या गटाने 2003 साली तो प्रसिद्ध केला. नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांसमोर चिनी भाषा बोलणारं माणूस बसवलं, बारा वेळा, दर वेळी साधारण 25 मिनिटं. पुस्तकं, खेळणी, गप्पा. तेवढ्यात बाळं चिनी भाषेतले, इंग्रजीत नसलेले आवाज वेगळे ओळखायला लागली. दुसऱ्या बाळांना तीच माणसं, तेच बोलणं, पण टीव्हीवर दाखवलं. ती काहीच शिकली नाहीत. टीव्हीतला माणूस बाळ कुठे बघतंय ते बघत नाही. मोबाईलमधली बाई 'सांगा बरं, गाय कशी ओरडते?' असं विचारते आणि नानूने उत्तर दिलं काय, न दिलं काय, 'शाब्बास!' म्हणते. आमच्या नानूने कितीतरी महिने असल्या खोट्या शाब्बासक्या गोळा केल्या.

पण खरं सांगायचं तर मोबाईल त्याच्या हातात असण्यापेक्षा तो माझ्या हातात असणं मला जास्त बोचतं. 1970 च्या दशकात एडवर्ड ट्रॉनिक या मानसशास्त्रज्ञाने एक साधा प्रयोग केला. आई बाळाशी खेळते, हसते, बोलते. मग तिने काही मिनिटं चेहरा दगडासारखा करून बाळाकडे नुसतं बघत राहायचं. बाळ आधी हसतं, हात पुढे करतं, आवाज काढतं, म्हणजे मघाशी चाललेले सगळे उपाय पुन्हा करून बघतं. एकही चालत नाही म्हटल्यावर मान वळवतं, कसंनुसं होतं, रडतं. त्याची चित्रफीत कुठेही पाहायला मिळते. मी एकदाच पाहिली. आईचा चेहरा पुन्हा हलतो आणि बाळ सावरतं, ते बघून हायसं वाटतं. पण चित्रफितीतली आई ठरवून, घड्याळ लावून गप्प बसली होती. मी मतदान याद्यांच्या ग्रुपवरचे मेसेज बघत बसायचो तेव्हा कोण घड्याळ लावत होतं? मोबाईलचा निळा उजेड पडलेला माझा चेहरा खालून कसा दिसत असेल, हे नानूलाच माहीत. सुदैवाने ते त्याला सांगता येत नव्हतं.

आता बाईकडे येतो.

माझा जन्म 1982 चा. बाई माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. मधली दोघं जगली नाहीत. माय आणि बाबा दोघंही मजुरीला. शेतात सीतादहीची पूजा झाली की कापसाची वेचणी सुरू, ती संक्रांतीपर्यंत चालायची. वेचणीला तेव्हाही आणि आताही मजुरी किलोवर. यंदा आमच्याकडे किलोला दहा-बारा रुपये आहे. किलोवर मजुरी म्हणजे लेकराला पाजायला थांबलेला वेळ वजनातून कापला जातो, ते कोणाला वेगळं कापावं लागत नाही. पदराची ओटी बांधून माय तासात शिरली की दुपारपर्यंत तिचं तोंड पऱ्हाटीत. धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, बाभळीला तिच्या जुन्या लुगड्याची झोळी. झोळीत मी. झोळीशी बाई, वय वर्षं नऊ.

यातलं मला काही आठवत नाही, सगळं बाईकडून ऐकलेलं. मी रडलो की ती झोळीला हेलकावे द्यायची. तेवढ्याने गप्प झालो नाही तर मला कडेवर घेऊन धुऱ्याधुऱ्याने फिरायची आणि जे दिसेल ते सांगायची. हा होला. ही घोरपड, बीळ पाय तिचं. ते बाबा, ते बंडी जुंपून रायले. "तू काय बी म्हने," बाई सांगते, "अन् मी हाव हाव करो." कुठलं प्रशिक्षण नाही, कुठलं तक्त्याचं पुस्तक नाही. त्या धुऱ्यावर दुसरं कोणी नव्हतं, एवढंच. तिला बोलायला मी होतो आणि मला ती.

वेचणीच्या दिवसांत बाई शाळेत नसायची. तिसरी कशीबशी झाली, चौथीला निम्मे दिवस गैरहजर, पुढे नाव कमी झालं. गुरुजी दोनदा घरी आले. दुसऱ्या वेळी माय म्हणाली, "गुर्जी, मंग याले तुमी सांभाळता का?" गुरुजी चहा पिऊन गेले.

शाळा सुटली तशी बाई माझ्यावर शाळा शाळा खेळायला लागली. ती गुरुजी, मी एकटाच विद्यार्थी. तुराटीच्या काडीने मातीत एक ते वीस. बाया गाठोडी बांधून ठेवायच्या, ती मोजायची. ताणकाट्याला गाठोडं लटकलं की किती किलो भरेल याचा आधी अंदाज सांगायचा, मग काटा बघायचा. मी पहिलीत गेलो तेव्हा मला वीसपर्यंत येत होतं, वजाबाकीही थोडी कळत होती. गुरुजींनी पाठ थोपटली ती माझी.

आता तो गुरुजी मी आहे. माझ्या तिसरीच्या वर्गात एक मुलगी नोव्हेंबरपासून धाकट्या भावाला कडेवर घेऊन येते. नियमात ते बसत नाही. मी त्याला मागच्या भिंतीपाशी पट्टीवर बसू देतो. पाढे चालू असताना तो मध्येच ओरडतो, ती मान वळवून कुजबुजते, "हाव, हाव, थांब," आणि पुन्हा सातचा पाढा पकडते. पाढ्यात ती मागे पडते आहे हे मला दिसतं. तो पुढे जाणार हेही दिसतं.

कायद्याला हे कळत नव्हतं असं नाही. 2005 च्या रोजगार हमी कायद्यात स्पष्ट लिहिलं होतं की कामावर आलेल्या बायांसोबत सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त लेकरं असतील, तर त्यांच्यातलीच एक बाई सांभाळायला नेमायची आणि तिला इतरांइतकीच मजुरी द्यायची. मला ते कलम फार आवडलं होतं. लेकराला सांभाळणं हे खड्डा खणण्याइतकंच काम आहे असं सरकारी कागदावर मी पहिल्यांदा वाचलं. पण कापूस खाजगी शेतातला. तिथे हे कलम पोचत नाही.

सुट्टीत नानूही सोबत होता. आता तो साडेतीन वर्षांचा आहे, बोलतो, कधी कधी नको इतका बोलतो, तरी काही अक्षरं अजून अडतात. दुपारी बाई चुलीपाशी भाकरी थापत होती आणि हा शेजारी. यवतमाळच्या मॅडमनी सांगितल्यापासून आम्ही घरी 'खेळातून शिक्षण' करतो. म्हणजे मी जमिनीवर बसतो, रंगीत ठोकळे काढतो आणि परीक्षकाच्या आवाजात विचारतो, "हा कोणता रंग?" नानू मला टाळायला शिकला आहे.

बाईने त्याला काहीच विचारलं नाही. ज्वारीच्या पिठाचा लिंबाएवढा गोळा त्याच्यापुढे ठेवला आणि आपली भाकर थापत राहिली. त्याने गोळा चेपला, तो फाटला. त्याने बाईकडे पाहिलं. बाईने आपला हात जरा हळू केला, परातीत भाकर कशी फिरते ते दिसेल इतका. त्याने पुन्हा केलं, पुन्हा फाटलं. आता तो रडणार असं मला वाटलं आणि मी उठलो. बाईने मला डोळ्यानेच बसवलं. मग तिने त्याच्या गोळ्यावर पाण्याचा हात फिरवला, त्याचा पंजा आपल्या पंजाखाली धरला आणि दोन थापा मारल्या. तिसऱ्या थापेला तिचा हात वर उचलला गेला होता, त्याच्या ते लक्षातही आलं नाही. वेडीवाकडी चानकी, म्हणजे इवलीशी भाकर, तयार झाली. तव्यावर ती एका बाजूने करपली.

"आत्या, माजी जलली," नानू म्हणाला.

"जळली नाई, खरपूस झाली. तिखट-तेल लावून खाय."

लेव विगोत्स्की हा रशियन मानसशास्त्रज्ञ 1934 साली गेला तेव्हा चाळिशीही गाठली नव्हती त्याने. मूल एकट्याने जे करू शकतं आणि जाणत्याच्या सोबतीने जे करू शकतं, त्या दोहोंमधल्या पट्ट्यात शिकणं घडतं, हे त्याचं म्हणणं. डी.एड.ला आम्ही ते पाच गुणांसाठी पाठ केलं होतं. तो पट्टा किती अरुंद असतो ते मला चुलीपाशी दिसलं. दोन थापा. एक थाप आधी हात काढला असता तर भाकर फाटली असती, आणि काढलाच नसता तर ती बाईची भाकर झाली असती.

बाई आणि मी यांतला फरक कोणी मोजूनही ठेवला आहे. बार्बरा रोगॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 साली चार ठिकाणच्या एक ते दोन वर्षांच्या लेकरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अमेरिकेतलं सॉल्ट लेक सिटी, तुर्कस्तानातली एक शहरी वस्ती, ग्वाटेमालातलं एक माया गाव आणि आपल्याकडचं ढोल-की-पाटी हे आदिवासी खेडं. शहरातल्या आया लेकरासमोर बसून धडा दिल्यासारखं शिकवत होत्या, कौतुकाने उत्तेजन देत होत्या. खेड्यांतल्या बाया आपलं काम करता करता लेकराला दिसेल असं करून दाखवत होत्या, अडलं तर हात पुढे करायच्या. आणि तिथली लेकरंही एकाच वेळी दोन-तीन गोष्टींकडे लक्ष ठेवू शकत होती. मला यात कमी-जास्त लावायचं नाही. शाळेत पुढे धडाच असतो, तेव्हा धड्याची सवयही लागते. पण गावातल्या अडाणी बायांना मुलांशी बोलता येत नाही, त्यांना शिकवायला पाहिजे, असं एखाद्या बैठकीत कोणी म्हटलं की माझ्या डोळ्यासमोर ती करपलेली चानकी येते.

तरी त्याची दुसरी बाजू सांगायलाच हवी, नाहीतर हा लेख बहिणीचा गौरव अंक होईल. गावात सगळ्याच बाया बाईसारख्या नाहीत. 'त्याले काय समजते?' हे आमच्या गावचं आवडतं वाक्य. लेकरू बोलायला लागेपर्यंत त्याच्याशी बोलणं म्हणजे वेडेपणा असं मानणारी घरं आहेत. लेकराने प्रश्न विचारला तर 'लय शाना झाला का?' हे उत्तर ठरलेलं. मुलीला तर हे उत्तर जरा लवकरच मिळतं. बापांचं विचारूच नका. बाप लेकराला घेतो तो फोटोपुरता, नाहीतर तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन मिरवायला.

आणि हे बदलता येतं. जमैकात किंग्स्टन शहरात 1986-87 साली वाढ खुंटलेली 129 लेकरं निवडली होती, वयं 9 ते 24 महिने. त्यांतल्या काही घरी आठवड्यातून एकदा, तासभर, आरोग्यसेविका जायची. डॉक्टर नाही, मानसशास्त्रज्ञ नाही, आपल्या आशाताईंसारखी साधी बाई. घरातल्याच डब्या-झाकणांची खेळणी करायची आणि आईने लेकराशी कसं खेळायचं, कसं बोलायचं ते सोबत बसून करायचं. हे दोन वर्षं चाललं. वीस वर्षांनी त्यांना शोधून काढलं तेव्हा, ज्यांच्या घरी ती सेविका गेली होती त्यांची कमाई, जिथे गेली नव्हती त्यांच्यापेक्षा 25 टक्क्यांनी जास्त होती. नुसता दूध-पोषक आहार मिळालेल्यांत मात्र असा फरक टिकला नव्हता.

आपल्या अंगणवाडीचा गाडा 2 ऑक्टोबर 1975 ला सुरू झाला. पण तिथलं शाळापूर्व शिक्षण तीन वर्षांनंतरचं. त्याआधीच्या लेकराच्या वाट्याला घरी न्यायचं पाकीट, वजनकाटा आणि लस. पाकीट हवंच, पण त्याला हुंकार देता येत नाही. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेने युनिसेफसोबत 'आरंभ' नावाचा उपक्रम यवतमाळ जिल्ह्यात आणला, त्यात सेविका पालक मेळावे घेतात. आमच्या गावातल्या मेळाव्याला मी गेलो होतो. भाजीपाला, वाट्या, चिंध्यांचे चेंडू मांडलेले, आणि आया लेकरांना घेऊन एका मांडणीवरून दुसरीकडे जात होत्या. एक आजोबा नातवासमोर वाटीखाली चेंडू लपवत होते, आणि दर वेळी वाटी उचलल्यावर नातवापेक्षा स्वतःच जास्त चकित होत होते. अशा मेळाव्याला वेचणीच्या दिवसांत किती जणी येऊ शकतात, ते मात्र सेविकेला विचारा. तिची हजेरीवही बघा.

संध्याकाळी मी हे सगळं बाईला सांगितलं. जमैका, सिएटल, दगडी चेहऱ्याची आई. ती लसूण सोलत ऐकत होती. मधून मधून हाव म्हणत होती. माझं झाल्यावर म्हणाली, "मंजे मी केलं ते बराबर होतं."

"बरोबर म्हणजे? तू होतीस म्हणून मी शिकलो."

"अन् मायासंगं कोन बोले?"

मला उत्तर सुचलं नाही. तिनेच दिलं. "बैलं होती ना. बैलाइसंगं बोलो मी. ते बी मान हालवत." आणि हसली. ही तिची सवय आहे, एखादी गोष्ट जड व्हायला लागली की ती बैल आणते.

रात्री लाईट गेली. छपरीत दोन बाजा एकमेकींना लावल्या, परी एका कुशीत, नानू दुसऱ्या. बाईने कोल्ह्याची गोष्ट काढली. मी पलीकडे अंथरुणावर. कोल्हा ऊस खायला निघाला. हुं, नानू म्हणाला. वाटेत नदी आली. हुं. परीनेही काहीतरी म्हटलं, ते हुं होतं की नुसती जांभई, ते कळलं नाही. कोल्ह्याने मगरीला मामा म्हटलं. हुं. मग कोल्हा नदीच्या मधात पोचला आणि पुढे काही आवाज आला नाही.

"निजले वाट्टे," बाई अंधारात म्हणाली.

थोडा वेळ गेला. मला वाटलं तीही झोपली. पण ती बोलायला लागली, त्याच गोष्टीच्या आवाजात, जराही न बदलता. उद्या नाल्यापलीकडच्या वावरात वेचाले जा लागते. दाव फुटून गेला सारा, दोन दिवस थांबला तं खाली पडते. सून बी येते म्हनते, तिचं बी बराबर आहे, हप्ता भरा लागते.

"हुं," मी म्हटलं.

"तिकडे झाड बी नाई, झोळी बांधाले."

"हुं."

"परीले कोनापाशी ठेवाव, तेच समजून नाई रायलं."